सावळीरामचं नाव कुणी कापलं?

१

नळावर माझा नंबर मोतीरामच्या मागे होता, म्हणून तो ठोसा मी अगदी जवळून पाहिला.

सावळीराम गांगुर्डे गल्लीच्या तोंडाकडून आला. अंगात नवी खाकी पँट, हातात डबा. रांगेतले हंडे ओलांडत तो सरळ मोतीरामसमोर उभा राहिला आणि एक अक्षर न बोलता त्यानं त्याच्या डोळ्याखाली ठोसा मारला. मोतीरामचा हंडा गडगडत गटारात गेला. बायका ओरडल्या. मी मध्ये पडलो, म्हणजे पडावं की पडू नये याचा विचार करेपर्यंत बाकीच्यांनी दोघांना सोडवलं होतं.

"विचारा याला!" सावळीराम ओरडला. "माझ्या ताटात माती कालवली यानं!"

मोतीरामनं गटारातून हंडा उचलला. "मी तुझं वाईट बोललो नाही," एवढंच तो म्हणाला आणि पाणी न भरताच निघून गेला.

ही दोघं नाशिकरोडच्या आमच्या कॉलनीत भिंतीला भिंत लावून वाढलेली पोरं. आयटीआयला बरोबर गेली, लेथवर लोखंड कातायला शिकून दोघंही टर्नर झाली. मोतीराम सातपूरच्या एका कारखान्यात चिकटला. कारखान्याचं खरं नाव सांगत नाही, प्रभात म्हणू या. सावळीराम मात्र चपला झिजवत राहिला. अखेर त्याच प्रभातमध्ये त्याची परीक्षा झाली, लेथवर त्यानं काढलेलं काम साहेबांना पसंत पडलं, आणि 'सोमवारपासून या' असं सांगण्यात आलं. यशोदाबाईंनी, म्हणजे त्याच्या आईनं, गल्लीत पेढे वाटले. मी दोन खाल्ले.

त्या सोमवारी वॉचमननं त्याला फाटकावरच अडवलं. "तुझं नाव कापलंय. साहेबांनी तुझी माहिती काढली. आपल्यातल्याच एका टर्नरला विचारलं म्हणे, आणि लगेच लाल रेघ ओढली."

प्रभातमध्ये सावळीरामला ओळखणारा टर्नर एकच होता.

२

मी रेल्वेतून निवृत्त झालेला माणूस. रहस्यकथा वाचायची मला जुनी खोड आहे, त्यामुळे गुन्हेगार कोण हे मी संध्याकाळच्या चहापर्यंत ठरवून टाकलं होतं. आमच्या मंडळींना तसं सांगितलंही.

आमच्या मंडळी म्हणजे लताबाई. नगरपालिकेच्या शाळेत शिक्षिका. पण शाळेपेक्षा त्यांचं नाव झालं ते लग्नं जुळवण्यात. कोणता मुलगा चोरून पितो, कोणाची नोकरी टेंपररी आहे, हे त्यांना मुलाच्या आईआधी कळतं. चौकशीत त्यांचा हात धरणारं कोणी नाही, हे मी एकोणतीस वर्षांच्या संसारानंतर कबूल करतो.

"चोर सोडून संन्याशाला फाशी देऊ नका," त्या मला म्हणाल्या. "एवढ्यावर मोतीराम दोषी होत नाही."

तेवढ्यात यशोदाबाई आल्या. विड्या वळून त्यांच्या छातीत तंबाखूची धूळ बसली आहे. बोलण्याआधी खोकला येतो.

"बाई, पोरगं भिवंडीला चाललंय. रविवारी. मागावर काम करतो म्हणतंय," त्या म्हणाल्या. "लेथ शिकवला त्याला, तो मागावर सूत जोडायला का? आन् मोतीरामच्या आईनं सकाळपासून माझ्याकडं बघितलं नाही. एकच भिंत हाय आमची, बाई."

लताबाईंनी सावळीरामला बोलावून घेतलं. तो आला, दाराशीच बसला.

"आधीपासून सांग," त्या म्हणाल्या. "ही जागा तुला कळली कशी?"

सावळीराम हुशार. त्यानं एक गोष्ट लवकर ओळखली होती. एम्प्लॉयमेंट एक्स्चेंजचं कार्ड भिंतीवर पिवळं पडतं, जाहिरात छापून येईपर्यंत जागा भरलेली असते. नोकरी माणसांच्या तोंडी असते. म्हणून त्यानं कारखान्याचा नाद सोडून साहेबांच्या अवतीभवतीची माणसं शोधली. प्रभातचे दातार साहेब भाड्याच्या बंगल्यात राहतात, बंगल्याचा मालक लासलगावचा कांदा-व्यापारी चिमाजीशेठ. साहेबांचा शब्द खाली चालवतो तो फोरमन गेणू. आणि साहेबांच्या टेबलावर रोजचा चहा जातो तो फाटकाजवळच्या नवसाबाईंच्या कँटीनमधून. सावळीरामनं वर्षभर या तिघांच्या पायऱ्या झिजवल्या. एका हंगामात तर चिमाजीशेठच्या ट्रकवर हमाली केली, निव्वळ ओळख व्हावी म्हणून.

"तिघांनीही साहेबांना सांगायचं कबूल केलं होतं?"

"केलं होतं, बाई."

"आणि मोतीरामला?"

"त्याला सांगितलंच नाही. साधा टर्नर. त्याला कोण विचारतो?"

"बरं, या तिघांना तू काय सांगितलंस?"

"सांगितलं, नोकरी पाहिजे. अजून काय सांगणार?" असं म्हणून तो फरशीकडे बघत बसला. बिचारा थकला होता.

लताबाई मला म्हणाल्या, "अहो, उद्या शाळेला रजा टाकते. लासलगावला जाऊ."

मी मनातल्या मनात गुन्हेगारांची संख्या एकावरून चारवर नेली.

३

लासलगावच्या बाजारात ट्रॅक्टरला ट्रॅक्टर लागलेला. लिलावाच्या आरोळ्यांत आपलंच बोलणं आपल्याला ऐकू येईना. चिमाजीशेठ गादीवर बसून कांदा हातात फिरवून पाहत होते. पांढरी टोपी, डोळे बारीक.

"सावळीराम ना? लय गुणाचं पोरगं," ते म्हणाले. "सायबाकडं मी स्वतः शब्द टाकला. म्हटलं, डोळं झाकून घ्या."

"आणखी काही बोललात?" लताबाईंनी विचारलं.

"चांगलंच बोललो. खोटं कशाला सांगू?"

मला त्यांचं हसणं पटलं नाही. त्यात गादीवरच्या मुनीमाकडून कळलं की शेठचा भाचाही टर्नर आहे आणि घरी बसून आहे. मी लताबाईंना कोपरानं ढोसलं. त्यांनी लक्ष दिलं नाही.

निघताना शेठनी एक गोणपाटाची पिशवी भरून कांदे दिले. "पोराच्या घरी द्या. म्हणावं, मळ्यातला कांदा हाय, आपल्याकडचा. बाजारातला नाय." सावळीरामनं तिथे हमाली केली होती, तेव्हा एवढा जिव्हाळा असायचाच. ती पिशवी एसटीपर्यंत मी वाहिली, आणि वाटेत मला खात्री पटली की माणूस एवढे कांदे फुकट देतो तो काही तरी लपवायलाच.

दुसऱ्या दिवशी सातपूर. पाळी सुटल्यावर गेणू फोरमन भेटला. इगतपुरीचा, उंच, कपाळाला कायमची आठी.

"शिकलेली पोरं मला आवडत न्हाईत," त्यानं आधीच सांगून टाकलं. "हातात कानस नसती, तोंडात इंग्रजी असतं. पण हा येगळा. सायबाला मी म्हटलं, घ्या, जबाबदारी माझी."

"खरंच म्हणालात?" मी डिटेक्टिव्हच्या आवाजात विचारलं.

गेणूनं माझ्याकडे अशा नजरेनं पाहिलं की मी चष्मा पुसायला घेतला. त्यानं सायकलच्या कॅरियरवरून एक पिशवी सोडली. घरच्या शेतातला तांदूळ. "पोराच्या आईला द्या. आमच्या पावसाळी मुलखातल्या बाईला बाजारचा तांदूळ गोड लागत न्हाई." यशोदाबाई येवल्याकडच्या, तिकडे आभाळ बघून पाणी प्यायचं. पण फुकटचा तांदूळ कोणाला कडू लागतो?

लताबाईंनी पिशवी घेतली आणि एवढंच विचारलं, "त्याची जागा आता कोणाला दिली?"

"कुणाला न्हाई. लेथ तसाच उभा हाय. सायबानं झाकून ठेवायला सांगितलंय."

लताबाई चालता चालता थांबल्या. "ऐकलंत?" त्या मला म्हणाल्या. "चोरी झाली, आणि माल जागच्या जागी पडून आहे. मग चोर कसला हा?"

मी त्यांच्या हातातली पिशवी घेतली.

४

नवसाबाईंचं कँटीन म्हणजे पत्र्याची शेड आणि दोन स्टोव्ह. बाई पेठच्या डोंगरातल्या, नवऱ्यामागे सातपूरला आल्या आणि इथल्याच झाल्या. जावई बेकार, ही माहिती मी शेजारच्या पानवाल्याकडून आधीच काढली होती.

"माझा जावई?" बाईंनी मलाच झापलं. "त्याला कपबशी धुता येत नाय, त्याला लेथवर कोण घेईल? मी सायबाला चहा देताना सांगितलं, ह्या पोराला घ्या, माझ्या जिवाचा हाय. सायेब हसलं. दुसऱ्या दिशी चहा घेतला आन् हसलं नाय."

लताबाई पुढे सरकल्या. "हसले नाहीत? का?"

"काय म्हाईत? माझ्याकडं असं बघितलं, जसं मी चहात पाणी घातलं."

बाईंनी कागदात बांधून नागलीचं, म्हणजे नाचणीचं पीठ दिलं. "त्याला म्हणावं, नोकरी गेली तरी ही हक्काची भाकर हाय. लाजू नको." त्या सगळ्यांनाच पोटाशी धरतात, हे सातपूरला माहीत आहे.

मी पुरता चक्रावलो. तिघांकडे नाव कापायला कारण होतं आणि तिघंही शपथेवर सांगत होते की आम्ही चांगलंच बोललो. कोणी तरी खोटं बोलत होतं, आणि मला तिघांच्याही चेहऱ्यावर ते दिसत होतं. लताबाईंना विचारलं तर म्हणाल्या, "तिघंही खरं बोलतायत."

"मग राहिला मोतीराम!"

"हो," त्या म्हणाल्या. "आता मोतीरामला विचारायला हवं."

मोतीराम दार उघडेना. शेवटी त्याच्या आईनं ओढून बाहेर आणला. डोळा सुजून बंद झाला होता.

"ज्यानं हात उचलला त्याला विचारा," तो म्हणाला.

"त्यानं तुला विचारलं असतं तर हात उचललाच नसता," लताबाई म्हणाल्या. "साहेबांनी तुला काय विचारलं, तेवढं सांग. मी दुसरं काही विचारणार नाही."

मोतीराम उंबऱ्यावर बसला. मग त्यानं दोन वाक्यं सांगितली. ती ऐकताना मी लताबाईंकडे पाहत होतो. त्यांचा चेहरा पडला.

"रविवारी दुपारी जेवायला ये," त्या मोतीरामला म्हणाल्या. "आणि तुझं काही चुकलेलं नाही, हे आजच ऐकून ठेव."

५

रविवारी सावळीरामची वळकटी दाराशी बांधून ठेवलेली होती. संध्याकाळच्या गाडीनं तो जाणार होता. आमच्या खोलीत तो, यशोदाबाई आणि मी बसलो होतो. मोतीराम आला तसा सावळीराम उठायला लागला.

"बस," लताबाई म्हणाल्या. शाळेत चाळीस पोरं ज्या आवाजानं गप्प होतात, तो आवाज. सावळीराम बसला.

त्यांनी त्याच्यापुढे ताट ठेवलं. ताटात नागलीची भाकरी, भात, आणि ठेचलेला कांदा. बस.

"जेव. तुझ्या तीन गावांचं जेवण आहे."

सावळीरामचा हात ताटावरच थांबला.

"कांदा लासलगावचा. शेठ म्हणाले, आपल्याकडचा आहे. तांदूळ इगतपुरीचा. गेणू म्हणाला, आमच्या मुलखातल्या बाईला बाजारचा गोड लागत नाही. नागली पेठची. नवसाबाई म्हणाल्या, हक्काची भाकरी. यशोदाबाई, तुम्ही येवल्याकडच्या. सावळीराम या कॉलनीत जन्मला, सुईण माझीच सासू होती. मग हा लासलगावचा, इगतपुरीचा आणि पेठचा कधी झाला?"

यशोदाबाई पोराकडे बघत राहिल्या.

"मी शेकड्यानं स्थळं पाहिली," लताबाई पुढे म्हणाल्या. "मुलीचा बाप मुलाला काही विचारत नाही. तो दुकानदाराला विचारतो, शेजाऱ्याला विचारतो. कुणी वाईट बोललं म्हणून फार थोडी स्थळं मोडतात. सगळे चांगलं बोलतात, पण बोलणं एकमेकांशी जुळत नाही, तेव्हा मोडतात. साहेबांनी तेच केलं. घरमालक म्हणाला, आमच्या गावचा. फोरमन म्हणाला, आमच्या इगतपुरीचा. चहावाली म्हणाली, पेठचा, आमच्यातलाच. एका माणसाची तीन गावं! तेव्हा त्यांचं हसणं थांबलं. मग त्यांनी चौथ्याला विचारलं. मोतीराम, तू काय सांगितलंस?"

मोतीराम म्हणाला, "साहेबांनी विचारलं, गांगुर्डे कुठला? मी म्हटलं, साहेब, माझ्या शेजारचा, नाशिकरोडचा, जन्मापासून ओळखतो."

"तिघांनी प्रेमानं चुकीचं सांगितलं," लताबाई म्हणाल्या, "आणि एकानं खरं सांगितलं. नाव कापलं गेलं ते खऱ्यामुळे. तू त्यालाच मारलंस."

सावळीराम रडला. पुरुषासारखा पुरुष, हुंदके देऊन रडला. मग बोलला, पण आमच्याकडे न बघता.

"बाई, आडनाव गांगुर्डे. ते मराठ्यांतही आहे, आदिवासींतही आहे, आपल्यातही आहे. आडनाव सांगितलं की समोरचा थांबतो, बघतो, आणि विचारतो, कुठले तुम्ही? कॉलनीचं नाव घेतलं की पुढचं त्याला कळतं. मग 'बघू' म्हणतो. दोन वर्षं मी 'बघू' ऐकलं. मग शेठकडे एकदा म्हटलं, तुमच्या लासलगावकडचा. शेठनी लगेच पाणी दिलं, शेजारी बसवलं. तेव्हा कळलं. ज्याचं जे गाव, ते माझं गाव."

मला त्या पोराचा राग येईना. 'बघू' हा शब्द मीही रेल्वेत लागण्याआधी पुष्कळ ऐकला होता. राग आला तो त्या एका प्रश्नाचा, जो आपल्याकडे माणसाला पाणी विचारायच्या आधी विचारतात.

"वळकटी सोड," लताबाई म्हणाल्या. "उद्या प्रभातला जायचं. तुझं तू बोलायचं. मोतीराम, तू ये, असं मी तुला सांगू शकत नाही."

मोतीराम पुढे सरकला. त्यानं सावळीरामच्या ताटातली अर्धी भाकरी तोडून घेतली.

६

दातार साहेबांच्या केबिनमध्ये आम्हाला उभंच ठेवलं गेलं. साहेब गोरे, चष्म्यावरून बघणारे. सावळीरामला पाहून त्यांनी पेन खाली ठेवलं.

"गांगुर्डे, माझ्याकडे वीस लाखांची मशिनरी आहे. जो माणूस तीन ठिकाणी तीन गावं सांगतो, तो कुठून तरी पळालेला असतो. पोलीस मागे असतात, नाहीतर आधीच्या कारखान्यात काही केलेलं असतं. मी काय समजायचं?"

सावळीराम म्हणाला, "साहेब, मी नाशिकरोडचा. कॉलनीतला. बौद्ध आहे. वडील नाहीत, आई विड्या वळते. दुसऱ्या कुठल्या कारखान्यात मला कधी कोणी घेतलंच नाही, तेव्हा पळणार कुठून? तिघांशी मी खोटं बोललो. ते तिघं तुमच्याशी खोटं बोललेले नाहीत."

"हे पहिल्याच दिवशी का नाही सांगितलंस?"

"पहिल्या दिवशी तुम्ही मला विचारलं नाहीत, साहेब. माझ्याबद्दल इतरांना विचारलंत."

मला वाटलं, संपलं. साहेबांचे कान लाल झाले होते. त्यांनी खिडकीतून शेडकडे पाहिलं, तिथे एक लेथ ताडपत्रीखाली उभा होता.

"काम तुझं मी पाहिलंय," ते शेवटी म्हणाले. "पण शब्द कोणाचा धरू? तुझ्यासाठी आता कोण बोलेल?"

सावळीरामनं वर्षभर विणलेलं जाळं, पण एक धागा धरण्यासारखा राहिला नव्हता. तेवढ्यात दाराशी पावलं वाजली. मोतीराम पाळीच्या कपड्यांत, हात पुसत आत आला होता. सुजलेला डोळा अजून अर्धाच उघडत होता.

"साहेब, याच्याबद्दल विचारायचं असेल तर मला विचारा," तो म्हणाला.

साहेबांनी त्या डोळ्याकडे पाहिलं, मग सावळीरामकडे. सगळं त्यांना कळलं असावं.

"बोल. कसा माणूस आहे?"

मोतीरामनं डोळ्याखाली हात नेला. "हात जड आहे, साहेब. पण लेथवर हलका चालतो."

साहेब हसले, आणि त्यांनी लेथवरची ताडपत्री काढायला सांगितलं. नवसाबाईंनी सांगितलेलं ते हसणं असंच असणार.

पुढच्या रविवारी सावळीराम तिन्ही दारांत स्वतः जाऊन खरं सांगून आला. गेणू दोन आठवडे बोलला नाही आणि मग कामापुरतं बोलायला लागला. चिमाजीशेठनी ऐकून घेतलं, मान हलवली, पाणी मात्र विचारलं नाही. नवसाबाईंनी सगळं ऐकलं आणि म्हणाल्या, "त्ये ठीक हाय. पण भाकर आवडली का नाय, त्ये सांग."

नळावर आता ती दोघं एकच हंडा दोन बाजूंनी धरून नेतात. हंड्याला पडलेला पोचा मोतीरामच्या आईनं मुद्दाम तसाच ठेवला आहे.